कानातली बायको

प्रॉम्प्टरला कुणी विचारत नाही. नाटक पडलं तर लेखकाला शिव्या, रंगलं तर नटाला टाळ्या. विंगेत स्टूल टाकून घशाला कोरड पडेपर्यंत कुजबुजणारी बाई कुणाच्या खिजगणतीतही नसते. मी उभा जन्म हेच काम केलं. नवऱ्याची ओळखही त्यातूनच झाली. हा फौजदाराच्या कपड्यात रंगमंचावर उभा, समोर खुनी, आणि ह्याचं वाक्य गायब. मी विंगेतून कुजबुजले, "हात वर कर." त्या वेंधळ्यानं स्वतःचेच दोन्ही हात वर केले. प्रेक्षक पोट धरून हसले, मॅनेजरनं आम्हा दोघांना झाप झाप झापलं, आणि पुढच्या वर्षी आम्ही लग्न केलं.

तेव्हापासून सगळे त्याला फौजदारच म्हणतात. कामंही तसलीच मिळाली. फौजदार, वकील, नाहीतर "आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले" म्हणून मान खाली घालणारा डॉक्टर. दोन वाक्यं, फार तर चार, की झाला बाहेर. त्यानं कधी तक्रार केली नाही असं लोक म्हणतात. लोकांना काय जातंय म्हणायला! रोज केली, घरी, माझ्यापाशी. "एकदाच गं, मला पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलू द्यावं कुणीतरी."

आणि ती वेळ आली, तेव्हा ह्याच्या डोक्यातून शब्द निसटायला लागले होते. चहात साखर दोनदा घालायचा. मुलीच्या घरी फोन करून तिलाच विचारायचा, मुलगी कुठंय. मेंदूच्या डॉक्टरांनी पडद्यावर काळे-पांढरे फोटो दाखवले आणि सांगितलं, नवीन काही टिकणार नाही, जुनंही हळूहळू जाईल. मी विचारलं, मग काहीच राहणार नाही का? ते म्हणाले, "रोज तेच तेच ऐकवत राहिलात, तर काही जणांत तेवढं बसतं. फार पक्कं बसतं."

त्याच सुमारास एक सिनेमाचा दिग्दर्शक घरी आला. चाळिशीचा, जाड चष्म्याचा, बोलायला मध. "काका, सायन्स फिक्शन आहे, पण अंतराळयानं नाहीत, स्फोट नाहीत. एक खोली, दोन माणसं आणि नुसतं बोलणं."

"कोण बोलतं?" फौजदारानं विचारलं.

"तुम्ही. न मरण्याची लस सगळ्यात आधी ज्याला टोचली, तो माणूस. चारशे वर्षं जगलाय. आता अर्ज करतो, की मला मरू द्या. समोर एक डॉक्टरीण. परवानगी द्यायची की नाही हे तिनं ठरवायचं. दोन तास तुम्ही तिला पटवता."

"आणि ह्याची बायको?" मी विचारलं.

"तिनं लस घेतली नाही. ती गेली. हा राहिला."

मी दिग्दर्शकाला आजाराचं सगळं स्वच्छ सांगितलं. वाटलं, उठून जाईल. तो म्हणाला, "मला माहीत आहे, काकू. कानात छोटं यंत्र बसवू. तुम्ही सेटच्या भिंतीमागून माइकवर वाक्यं सांगा. हल्ली मोठे मोठे नट असंच करतात. आणि तुमच्याइतकं त्यांना कोण सांभाळणार?"

तो गेल्यावर फौजदारानं माझं मनगट धरलं. "मी चाललोय, हे मला कळतंय. मरतोय असं नाही, पण डोक्यातून चाललोय. त्याआधी एवढं होऊ दे. कुठंतरी मी अख्खा राहू दे."

यावर मी काय बोलणार, कप्पाळ! हो म्हटलं.

वाचनाला बसलो तेव्हा मेलेल्या बायकोबद्दलची वाक्यं निघाली. म्हणे, तिच्या डोळ्यांत तारकांचं तेज होतं. फौजदारानं कागद टेबलावर आपटला. "असं कुठला नवरा बोलतो? माझ्या बायकोचं सांगतो, ते लिहा." आणि सुरू झाला. ही घरात कुणी नसलं तरी कुजबुजत बोलते. भांडताना चष्मा काढून ठेवते, म्हणजे माझं थोबाड नीट दिसू नये. झोपेत माझ्या शर्टाचं बटण मुठीत धरते, सकाळी निम्मी बटणं तुटलेली. डॉक्टरिणीचं काम करणारी नटी हसून हसून लाल झाली. दिग्दर्शक भराभरा उतरवून घेत होता. लिहिताना त्यानं प्रत्येक ठिकाणी 'आहे'चं 'होती' केलं आणि 'धरते'चं 'धरायची'. साहजिकच होतं, पिक्चरमधली बायको मेलेली होती. मीही हुरळून गेले. उभ्या जन्मात कुणी माझ्यावर ओळ लिहिली नव्हती! घरी जाताना मीच म्हटलं, "चष्म्याचं कापू नका हं, ते झकास आहे."

मग तालमी. रोज सकाळी चहा झाला की मी समोर खुर्ची ओढायची आणि घोकून घ्यायचं. ती भांडताना चष्मा काढून ठेवायची. ती झोपेत माझं बटण धरायची. ती गेली. मी राहिलो. आणि काय सांगू, बसलं की हो! बाथरूम कुठं हे विसरणारा माणूस पानंच्या पानं म्हणायला लागला, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. मी मुलीला फोन करून फुशारकी मारली. म्हटलं, तुझा बाप अजून भल्याभल्यांना पाणी पाजेल.

एका दुपारी जेवताना तो माझ्याकडं बघत म्हणाला, "ती असती तर म्हणाली असती, मीठ कमी आहे."

माझ्यातली प्रॉम्प्टर जागी झाली. "हे वाक्य नाहीये," म्हटलं. "'ती गेली', इथून घे. आणि 'गेली'नंतर थांब. श्वास घे. घाई करतोस तू तिथं."

"ती गेली," तो म्हणाला. थांबला. श्वास घेतला. "मी राहिलो." आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळलं.

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली! "अस्सं! बरोब्बर असंच!"

तो डोळे पुसत मला म्हणाला, "तुम्ही फार चांगल्या आहात, बाई. माझ्यासाठी एवढं करता."

"ए फौजदार, नाटकं पुरे," मी म्हटलं. त्यानं ओशाळून खुर्ची जराशी लांब घेतली, परक्या बाईच्या फार जवळ बसलो की काय, असं वाटून.

त्यानंतर आमच्या घरात जी भांडणं झाली ती कुणाच्या घरात होऊ नयेत. मी लग्नाचा फोटो भिंतीवरून काढून त्याच्यासमोर नाचवायची. "ही कोण?"

"ही माझी बायको."

"आणि मी कोण?"

"तुम्ही... मला वाक्यं शिकवता."

"मीच ती, मेल्या! नीट बघ ना तोंडाकडं!"

तो बघायचा. खरंच मन लावून बघायचा, परीक्षेला बसल्यासारखा. मग फोटोवर बोट ठेवून म्हणायचा, "रागावू नका. पण हिचा एक केससुद्धा पांढरा नव्हता." कधी कधी, दहा मिनिटांसाठी, ओळखायचा. "अगं, कुठं होतीस तू? सगळे म्हणत होते, तू गेलीस." सगळे म्हणजे कोण, हे मी विचारत नव्हते. मला माहीत होतं.

मुलगी आली, दोन दिवस राहिली आणि स्वयंपाकघराचं दार लावून मला फैलावर घेतलं. "आई, बंद कर हे. तू स्वतःच्या तोंडानं स्वतःला मारतेयस. रोज, सकाळी उठून."

"आणि त्याला काय सांगू? जन्मभर ज्यासाठी झुरलास, ते काढून घेतलं?"

"तो विसरून जाईल, की असं काही होतं."

"नाही विसरला तर?"

"आई, तो तुला विसरतोय!"

तिचं बरोबर होतं. मी तालमी बंद केल्या, कागद कपाटात टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी हा कोट घालून, उलटसुलट बूट घालून दारात उभा. "गाडी यायचीय. आज माझं काम आहे." मी बसवला. थोड्या वेळानं परत उभा. दिवसभर तेच. संध्याकाळी त्यानं दारापाशीच बसकण मारली आणि म्हणाला, "मला काढलं का त्यांनी? मी चुकलो का कुठं?" असा रडवेला चेहरा मी त्याच्या आईच्या मयतालासुद्धा पाहिला नव्हता. शेवटी मुलीनंच कपाट उघडलं.

शूटिंग सुरू झालं. एका मोठ्या गोदामात प्लायवूडची खोली उभी केली होती, पांढरी, त्यात टेबल आणि दोन खुर्च्या. भिंतीच्या मागच्या बाजूला ठोकलेल्या फळ्या, लोंबणाऱ्या वायरी, धूळ, आणि त्या धुळीत मी, समोर छोटा पडदा, कानाला हेडफोन आणि हातात माइक. पडद्यावर मला तो दिसायचा. त्याला मी दिसत नव्हते.

काय काम केलं त्यानं! खोटं नाही बोलत, मी मोठमोठ्यांना प्रॉम्प्ट केलंय. डॉक्टरीण झालेली नटी कॅमेरा बंद झाल्यावरही रडत बसायची. मी अर्धं वाक्य सांगितलं की तो उरलेलं पोटातून काढायचा. बटणाच्या वाक्याला तर त्याचा हात आपोआप शर्टाकडं जायचा, तिथं दिग्दर्शकानं काही सांगितलंच नव्हतं. "काका, अप्रतिम!" दिग्दर्शक ओरडायचा. "पुन्हा एकदा घेऊ, जवळून." पुन्हा एकदा मी त्याच्या कानात सांगायची की मी मेले. पुन्हा एकदा तो पहिल्यांदाच कळल्यासारखा कोसळायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण दिग्दर्शकावर कसली चिडणार? माइक माझ्याच हातात होता.

दोन शॉट्सच्या मधे तो मान खाली घालायचा आणि ओठ न हलवता पुटपुटायचा. "तू आहेस ना?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हादरलेच. यंत्रातून माझा आवाज त्याला ओळखू येत होता. कुजबुज त्याच्या ओळखीची होती, म्हातारं तोंड नव्हतं.

"आहे," मी म्हटलं.

"कुठं असतेस?"

"इथंच."

"बरं. जाऊ नकोस."

मी माइक टाकून, फळ्या ओलांडून, पाण्याचा ग्लास घेऊन पळत पळत पुढं गेले. आता तरी ओळखेल! तर त्यानं कानावर बोट ठेवून मला हातानं थांबवलं. "जरा थांबा, बाई. माझी बायको बोलतेय." आणि कानात तर कुठलाच आवाज नव्हता. मी समोर उभी होते ना. तो आपला माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत वाट पाहत राहिला. शेवटी मीच मागं गेले आणि माइक उचलला. हसू का रडू! मी माझीच सवत झाले होते.

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रसंग. माणूस शेवटचं बोलतो आणि डॉक्टरीण सही करते. कागदावर होतं: "माझी बायको गेली. मला नावानं हाक मारणारं आता कुणी नाही. डॉक्टर, मला जाऊ द्या." दिवे लागले. सगळं गोदाम चिडीचूप. पडद्यावर फौजदाराचा चेहरा, मोठा, थकलेला, वाट बघणारा. वाक्य ऐकायची वाट.

माझ्या घशातून ते निघेना. ठरवून काही केलं नाही मी. इतके दिवस गिळलेलं होतं, ते वर आलं. मी कुजबुजले, "माझी बायको जिवंत आहे."

"माझी बायको जिवंत आहे," तो म्हणाला. काय आवाज लागला होता! स्वच्छ, भरलेला.

"ती कुठंही गेलेली नाही."

"ती कुठंही गेलेली नाही."

"ती या भिंतीमागं बसलीय."

"ती या..." तो थांबला. त्याचा चेहरा एकदम उजळला. "भिंतीमागं?" त्यानं विचारलं, मला, कानातल्या मला. "खरंच?"

"खरंच रे. ये."

तो उठला. खुर्ची मागं पडली. कुणी "कट" म्हटलं नाही, सगळे दगड होऊन बघत होते. तो पांढऱ्या खोलीतून बाहेर आला, कोपऱ्याला वळला, वायरींत अडखळला. मी उभी राहिले. केस सारखे केले, मूर्खासारखे. तो माझ्यासमोर आला, माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं, स्टुलाखाली वाकूनसुद्धा बघितलं.

"कुठंय ती?" तो म्हणाला.

"मी. मीच आहे."

"नाही हो, बाई. ती. आत्ता बोलली. ती म्हणाली, इथं बसलीय." त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही बघितलं का? कुठल्या बाजूला गेली?"

मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला, तेही सभ्यपणे. आणि मग त्याला जाणवलं, की आपण सेटवर आहोत, दिवे लागलेत, माणसं ताटकळली आहेत. तो दिग्दर्शकाकडं वळला आणि त्यानं चक्क हात जोडले. "माफ करा. भलतंच बोललो मी. वाक्य चुकलो. चूक माझी आहे. मला काढू नका."

दिग्दर्शकाच्या बोलण्यातल्या मधाचं पाणी झालं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "काकू, आपण थांबवू या का? तुम्ही म्हणाल तसं." खरंच म्हणाला. त्याला उगाच वाईट नाही ठरवणार मी.

फौजदार भिंतीला टेकून उभा होता आणि त्याची हनुवटी हलत होती. ज्या माणसानं जन्मभर दोन दोन वाक्यांवर समाधान मानलं, तो सगळ्यांदेखत चुकला होता, आणि चुकवलं होतं मी. असं सोडून घरी नेला असता, तर बाकी सगळं विसरला असता, पण हे राहिलं असतं. डॉक्टर काय वाटेल ते सांगोत, मला माझा नवरा माहीत आहे.

"तो चुकला नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "मी चुकीचं सांगितलं. प्रॉम्प्टरची चूक. घ्या परत."

त्याला खुर्चीवर बसवला, पावडर लावली. मी स्टुलावर बसले. चष्मा काढून ठेवला, पडदा दिसायला नको म्हणून. माइक तोंडाशी धरला.

"माझी बायको गेली," मी सांगितलं.

"माझी बायको गेली." थांबला. श्वास घेतला.

बाकीचं त्यानं माझ्या मदतीशिवाय म्हटलं. सगळं गोदाम टाळ्यांनी दणाणलं, दिवे लावणारी माणसं शिड्यांवरून उतरून टाळ्या वाजवत होती. ध्वनिमुद्रक आला, त्यानं फौजदाराच्या कानातलं यंत्र अलगद काढलं, पुसलं आणि डबीत घालून घेऊन गेला.

संध्याकाळी घरी आलो. तो खुशीत होता, गाडीत सगळ्यांच्या टाळ्यांची नक्कल करून दाखवत होता. घरात आल्यावर मात्र एकसारखा कानात बोट घालून बघत होता. "आता बोलत नाही ती," म्हणाला.

दाराआड जाऊन मला कुजबुजता आलं असतं. "इथंच आहे मी" म्हणता आलं असतं. पण तो लगेच उठून शोधायला आला असता. घरभर, खाटेखाली, पडद्यामागं. आणि मला बघून त्याचं तोंड परत तसंच पडलं असतं. रोज. माझ्यात ती ताकद नव्हती, आणि त्याच्यात तर नव्हतीच.

मी पानं घेत होते. तो टेबलाशी येऊन बसला आणि फार अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही होतात का तिच्याजवळ? शेवटी?"

'मेल्या, ही काय तुझ्यासमोर उभी आहे', अगदी जिभेवर होतं. मी भांडं खाली ठेवलं.

"होते," मी म्हणाले.

"त्रास झाला तिला?"

"नाही. झोपेत गेली."

"घाबरली नाही ना?"

"अजिबात नाही."

"मी होतो का तिथं? मला आठवत नाही. मी कामावर होतो का?"

"तुम्ही होतात," मी म्हणाले. "तुमचं बटण धरलं होतं तिनं."

त्यानं मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडले. "मग बरं झालं," तो म्हणाला. "मला वाटलं, एकटीच गेली." ताट पुढं ओढलं, दोन घास खाल्ले, आणि माझ्याकडं बघून थांबला. माझे डोळे भरून वाहत होते आणि ते मला थांबवता येत नव्हते. त्यानं समोरच्या रिकाम्या पानात स्वतःच्या हातानं वाढलं आणि ते माझ्याकडं सरकवलं.

"तुमचाही जीव होता तिच्यावर, दिसतंय मला," तो म्हणाला. "पण तुम्ही जेवा, बाई. गेलेल्या माणसासाठी असं उपाशी राहू नये."

मी त्याच्यासमोर बसले आणि जेवले.